वाचता येईल असा एक शब्द

आईने पेन्सिलीभोवती जुन्या मोज्याचा तुकडा गुंडाळला, वर रबरबँड चढवला आणि तो ठोंबा लेकीच्या उजव्या मुठीत खोचायला घेतला. मूठ उघडायची म्हणजे एकेक बोट सोडवायचं, आणि चौथं सुटेपर्यंत पहिलं पुन्हा मिटलेलं असायचं. दोघींना याची सवय होती. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला नव्हती, म्हणून तो भिंतीकडे बघत बसला होता. भिंतीला गुंडाळलेले नकाशे टेकवून ठेवले होते. मोजणीसाठी शाळेत दुसरी खोली रिकामी नव्हती.

"घट्ट झाली का गं?" आईने विचारलं.

लेकीने डोळे गरागरा फिरवले. डोळे वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, आणि गरागरा म्हणजे 'काय पण प्रश्न विचारतेस'. अकरा वर्षांच्या आयुष्यात तिला सर्वांत जास्त गरज या तिसऱ्या उत्तराचीच पडली होती. हात, पाय आणि जीभ यांनी जन्मापासून तिचं ऐकायचं नाकारलं होतं. हुकमात होते ते डोळे आणि डावं कोपर. अंगाने बारीक आणि टोचण्यात तरबेज, म्हणून आई तिला टाचणी म्हणायची. हजेरीपटावरचं नाव आता फक्त हजेरीपटालाच ठाऊक होतं.

टेबलापलीकडचा माणूस म्हणजे घड्याळकाका. वय सव्वीस, लग्नाचा पत्ता नाही, सख्खं भावंड नाही, तरी साठ मुलांचा काका. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून शाळाशाळांतून फिरायचं आणि मुलं दहा मिनिटांत किती शब्द लिहितात ते मोजायचं, ही त्याची नोकरी. आधी हाताने किती, मग लिहायच्या यंत्राने किती. दोन्हींतला फरक म्हणजे यंत्राचा उपयोग. त्याची आई शेजारीपाजारी सांगायची, मुलगा संशोधनात आहे.

"नियम माहीत आहेत ना, ताई?"

"पाठ आहेत," आई म्हणाली. "दहा मिनिटं. हाताला धरायचं नाही. मधे बोलायचं नाही. निदान एक शब्द आला पाहिजे आणि तो वाचता आला पाहिजे. वाचणार तुम्ही."

शेवटचं वाक्य तिने नुसती माहिती पुरवल्यासारखं म्हटलं. ते जिथे लागायचं तिथे लागलं.

यंत्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पेटीत बंद होतं. हाताच्या चाचणीच्या वेळी ते नजरेसमोर नसावं असा नियम होता. मुलांचं लक्ष विचलित होतं म्हणे. टाचणी पेटीकडेच बघत होती.

आठ महिन्यांपूर्वी याच टेबलावर तिची पहिली मोजणी झाली होती. तेव्हा यंत्र अजून यायचं होतं. घड्याळकाकाने सगळ्यांना सांगायचं ते तिलाही सांगितलं, की काहीही लिही, मनात येईल ते. टाचणीने दहा मिनिटं मान ताणून, ओठ चावून कागदावर काहीतरी उमटवलं. एक वळसा, एक उभी रेघ, तिच्या डोक्यावर ठिपका, मग पोट फुटलेला गोल, आणि शेवटी कागद सोडून टेबलावर उतरलेली एक लांब रेघ. घड्याळ वाजलं. त्याने कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"हा शब्द आहे," आई म्हणाली होती.

"कुठला?"

"ते मला नाही सांगता यायचं. पण शब्द आहे. नुसत्या रेघोट्या ओढते तेव्हा तिचं तोंड वेगळं असतं."

तक्त्यात तोंडाचा रकाना नव्हता. त्याने शून्य लिहिला. नोकरीला नुकताच लागला होता, आणि खोट्या एकापेक्षा खरा शून्य बरा, असं त्याला मनापासून वाटत होतं. घरी जाताना त्याला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं होतं.

आईने तो कागद मागून घेतला होता. ती औषधांच्या बाटल्यांच्या कारखान्यात लेबलं तपासायला होती. पट्ट्यावरून मिनिटाला साठ बाटल्या सरकायच्या, तिरक्या लेबलाची बाटली तिने उचलून बाजूला ठेवायची.

"नापास माल आमच्याकडे परत देतात," ती म्हणाली होती. "लेबल तिरकं म्हणून आतलं औषध काही तिरकं होत नाही, दादा. पण बाजूला काढावी लागते बाटली. पगार त्याचाच आहे."

मग यंत्र आलं. पाटीएवढा पडदा. त्यावर अक्षरं एकेक करून उजळत जायची, आणि हवं ते उजळलं की टाचणीने कोपराने लाल बटण दाबायचं. दोनचार अक्षरं झाली की पुढचा शब्द यंत्र आपणहून सुचवायचं. टाचणी सूचना क्वचितच मानायची. पहिल्या आठवड्यात तिने 'मला' लिहिलं, तेव्हा यंत्राने तत्परतेने 'आनंद' पुढे केला. तिने तो नाकारून चार मिनिटं खर्च केली आणि 'कंटाळा' लिहिलं. वर्गाच्या बाईंनी ते वाचून तिला शाबासकी दिली, आणि टाचणीने डोळे गरागरा फिरवले.

सातव्या महिन्यात तिने दहा मिनिटांत तेवीस शब्द लिहिले. त्यांतले नऊ शाळेच्या गाडीच्या चालकाबद्दल होते, आणि त्या चालकाने आठवडाभर तिच्या आईशी नीट बोलणं टाकलं. कोणी आपल्यावर रुसू शकतं, ही गोष्ट टाचणीला नवीन होती. तिला ती फार आवडली.

घोडं अडलं ते तक्त्यात. सुधारणा किती टक्के, हे काढायला यंत्राच्या आकड्यातून हाताचा आकडा वजा करायचा आणि राहील त्याला हाताच्या आकड्याने भागायचं. चाराचे सहा शब्द झाले, पन्नास टक्के. दहाचे बारा, वीस टक्के. पण हाताचा आकडाच शून्य असला की भागायचं कशाने? संगणक हात वर करायचा आणि त्या रकान्यात लाल चौकोन काढून ठेवायचा. साठ मुलांत असे चौदा लाल चौकोन निघाले. म्हणजे ज्यांना यंत्रावाचून एक शब्द लिहिता येत नव्हता, नेमका त्यांनाच यंत्राचा उपयोग झाल्याचं सिद्ध होत नव्हतं. आणि ज्याला उपयोग सिद्ध नाही, त्याने प्रकल्प संपताच यंत्र परत करायचं, असं कराराच्या सातव्या कलमात होतं. ते कलम घालणाऱ्याने चांगल्याच हेतूने घातलं असणार. कामाची वस्तू बिनकामाच्या ठिकाणी पडून राहू नये, एवढंच.

एक पळवाट होती. पालकाने अर्ज केला तर हाताची चाचणी पुन्हा घेता येत होती. तशी सूचना कार्यालयाच्या फलकावर रीतसर लावली होती. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. चौदांपैकी तेरा घरांना सूचना दिसलीच नाही. चौदाव्या घरची आई मात्र बाटल्यांची पाळी संपवून जिने चढत आली, फलकावरचं बारीक अक्षर तपासलं आणि अर्ज करून गेली. मग पंधरा दिवस तिने लेकीकडून एकच शब्द घोटवून घेतला: 'नग'. दोन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही, आणि कारखान्यात दिवसातून शंभरदा कानावर पडणारा.

म्हणजे टाचणीला आज हाताने लिहून दाखवायचं होतं, कारण तिला हाताने लिहिता येत नव्हतं.

"सुरू," घड्याळकाका म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

टाचणीने डोळे पेटीवरून उचलले आणि कागदावर आणले. मग खांदा पुढे आला, मग मान, मग सगळ्यांच्या मागून हात. पेन्सिल कागदाला टेकली, उडाली, पुन्हा टेकली. आईने हातरुमाल दातांत धरला होता. दुसऱ्या मिनिटाला एक वळसा झाला. तिसऱ्या मिनिटाला पेन्सिल मुठीतून सुटू पाहायला लागली; आईचा हात आपोआप पुढे गेला आणि हवेतच थांबला, कारण नियम पाठ होते. टाचणीने हनुवटीने पेन्सिल मुठीत दाबून बसवली. पाचव्या मिनिटाला उभी रेघ, तिच्या डोक्यावर ठिपका. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता श्वास. बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. आठव्या मिनिटाला तिने एक गोल काढला, तो पोटात फुटला, आणि त्याच्यापासून निघालेली रेघ कागदाच्या काठापर्यंत गेली आणि काठावरून खाली टेबलावर उतरली.

घड्याळ वाजलं.

आईने रुमाल काढला. "अगं बाई! ठरलं काय होतं आपलं? 'नग' ना? दोन अक्षरं! पंधरा दिवस ऊर फुटेस्तोवर घोटलं, आणि हे काय..."

बोलता बोलता ती थांबली. कागदाकडे बघत राहिली. मिनिटाला साठ लेबलं बघून तयार झालेले डोळे होते ते. त्यांना दोन बाटल्यांतला फरक दिसायचा, तसा सारखेपणाही दिसायचा. तिने पर्स उघडली, चष्म्याच्या घरामागून चौघडी घातलेला एक कागद काढला आणि टेबलावर नव्याशेजारी पसरला.

एक वळसा, एक उभी रेघ, डोक्यावर ठिपका, पोट फुटलेला गोल, काठावरून उतरलेली रेघ. दोन्ही कागदांवर तेच, त्याच क्रमाने, त्याच जागी. आठ महिन्यांच्या अंतराने एकाच ठशातून उठवल्यासारखं.

पाढे सतराच्या पाढ्याशी अडखळले आणि परत मागून सुरू झाले.

"पेटी उघडा, ताई," घड्याळकाका म्हणाला.

"चालतं का असं? नियमात?"

"नाही."

तिने पेटी उघडली. पडदा टाचणीसमोर ठेवला, लाल बटण कोपराखाली सरकवलं. अक्षरं उजळायला लागली. घड्याळकाकाने सवयीने स्टॉपवॉचला हात घातला आणि मग काढून घेतला. बऱ्याच वेळाने पडद्यावर दिसलं:

थांबा

"काय थांबा? का थांबा?" आई म्हणाली. "अगं, ते विचारताहेत तू कागदावर काय लिहिलंस ते."

टाचणीने डोळे गरागरा फिरवले आणि पुन्हा कोपर चालवलं. यंत्राने मधे दोनदा 'धन्यवाद' सुचवलं, ते तिने दोन्ही वेळा धुडकावलं. शेवटी वाक्य पूर्ण झालं.

थांबा हेच लिहिलंय. तेव्हापण हेच लिहिलं होतं. काका थांबले नाहीत.

आईने आधी पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण पट्ट्यावर काम करणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की सरकून गेलेल्या बाटलीमागे धावायचं नसतं. तिने फक्त दोन्ही कागद त्याच्या दिशेला सरकवले.

"आता वाचता येतंय ना?"

त्याने तक्ता पुढे ओढला आणि 'हाताने लिहिलेले वाचनीय शब्द' या रकान्यात एक लिहिला. एकाला एक छोटी शेपटी फुटली.

प्रकल्पाच्या मॅडमना साठच्या साठ मुलांचे वाढदिवस पाठ होते. प्रत्येकाला त्या स्वतःच्या हाताने कार्ड पाठवायच्या. त्यांनी तक्ता बघितला, चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा बघितला.

"एकाचे तेवीस. म्हणजे बावीसशे टक्के."

"हो, मॅडम."

"अरे, बावीसशे टक्क्यांनी तर साथसुद्धा पसरत नाही."

"पण गणित बरोबर आहे."

"गणित बरोबर आहे रे, आकडा बरोबर नाही." त्यांनी समोरचं गणकयंत्र त्याच्याकडे वळवलं. "शेहेचाळीस मुलांची सरासरी येते अडतीस. ही एक मुलगी घातली की होते चौऱ्याऐंशी. उद्या मोठ्या साहेबांनी विचारलं, हे काय आहे, तर मी काय सांगू? अडतीस कसा, घरंदाज आकडा आहे. ऐकणाऱ्याला पटतो. चौऱ्याऐंशी ऐकलं की माणूस म्हणतो, यांनी काहीतरी केलं."

"आपण काहीतरी केलंच आहे, मॅडम. तिला लिहायला दिलं."

मॅडम हसल्या. त्यांना खरोखर हसू आलं होतं. "तुझं मन चांगलं आहे. पण पाचशे टक्क्यांच्या वरचे आकडे बाजूला ठेवायचे, हे सुरुवातीलाच ठरलंय. मी आज काढलेला नियम नाही."

म्हणजे आधी कमी म्हणून बाहेर होती, आता जास्त म्हणून बाहेर. आगीतून फुफाट्यात पडायलासुद्धा मधे पायरी लागते. टाचणीला त्या पायरीवर बसायलाही मिळालं नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला. हे त्याने जिन्यात तीनदा म्हणून बघितलं होतं. "तो पहिला शून्य तिचा नव्हता. माझा होता. तिने तेव्हाच शब्द लिहिला होता. मला वाचता आला नाही."

खोलीत पंखा फिरत होता. मॅडमनी चष्मा हळूच टेबलावर ठेवला.

"हे लेखी देणार आहेस?"

"देतो."

"दे. मग मी विचारणार, बाकीच्या तेरांचं काय? त्यांचेही शून्य तुझेच का?"

"त्यांचे पहिले कागद बघितले तर..."

"सहा महिन्यांनी नष्ट करतो आपण. मुलांची खाजगी बाब आहे ती." त्या थोडं पुढे वाकल्या आणि आवाज मऊ केला, आजारी माणसाशी बोलावं तसा. "हे बघ. तुला वाचता येतं का येत नाही, हे तपासायला आता आपल्याकडे काहीही नाही. मग येतं, असंच धरायला हवं ना? कारण येत नाही असं धरलं, तर शून्यवाली चौदा जातील आणि त्यांच्याबरोबर उरलेली शेहेचाळीसही जातील. ते आकडेही तूच वाचलेत. शेहेचाळीस घरांतली यंत्रं काढून आणायला जाशील?"

त्याने लेखी काही दिलं नाही. खिशातलं पेन खिशातच राहिलं, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला त्या पेनाचं वजन जाणवत राहिलं.

यंत्रं गोळा करायचा दिवस उजाडला. चौदा घरं, एक गाडी, एक चालक, आणि पावत्यांचं एक पुस्तक. पावतीवर छापलं होतं: 'वर नमूद केलेले यंत्र सुस्थितीत परत केले. लाभार्थीची सही अथवा खूण.' खाली बारीक अक्षरांत: 'सही वाचनीय असणे आवश्यक नाही.' सही मुलानेच करायची, पालकाने नाही, असा मॅडमचा कटाक्ष होता. मुलाच्या हक्काचा मान राखला गेला पाहिजे, असं त्या प्रत्येक बैठकीत सांगायच्या.

चालक घाईचा होता. एकेका घरी घड्याळकाका आत जायचा, पावती पुढे धरायचा, "इथे" म्हणायचा; मूल जमेल तशी खूण करायचं, तो पावती फाडून फायलीत घालायचा आणि पेटी उचलायचा. एका घरी आजोबांनी चहा विचारला. एका घरी एक मुलगी दाराआड लपली, मग तिला बाहेर आणलं, मग तिने सही केली. एका मुलाने सही करायला इतका वेळ लावला, की खालून हॉर्न वाजला. "चालेल, चालेल, एवढंही चालेल," म्हणून त्याने कागद काढून घेतला. असं करत करत तेरा पेट्या झाल्या. टाचणीचं घर यादीत शेवटी होतं, कारण तिची गल्ली पुढे बंद होती आणि गाडी उलटी काढावी लागायची.

आईने पेटी आधीच भरून दाराशी ठेवली होती. तार नीट गुंडाळलेली, पडदा पुसलेला.

"तपासून घ्या," ती म्हणाली. "लेबलही सरळच आहे."

"ताई, मी सांगून बघितलं."

"बघितलं असेल." तिने खुर्ची पुढे केली. ती टाचणीच्या समोर होती, म्हणून तो जरा बाजूला बसला.

टाचणी खिडकीकडे बघत होती. कोपराखालची जागा रिकामी होती. कोपर तरी मधेच त्या जागेवर दाबलं जात होतं, उगाच, दोनदा, तीनदा. आईने मोज्यात गुंडाळलेली पेन्सिल आणली. बोटं सोडवली. पेन्सिल खोचली. घड्याळकाकाने पावती टेबलावर ठेवली, आणि 'इथे' म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं.

या वेळी घड्याळ चालू नव्हतं. दहा मिनिटं झाली असतील, नाहीतर वीस. खालून एकदा हॉर्न वाजला, थोड्या वेळाने दुसरा. टाचणीने एक वळसा काढला. उभी रेघ काढली. ठिपका देताना पेन्सिल घसरली आणि ठिपक्याची चांदणी झाली. मग गोल, मग ती रेघ, पावतीच्या काठावरून टेबलावर उतरलेली.

तिने डोळे वर आणले आणि त्याच्यावर रोखले.

"थांबा," त्याने वाचलं. मोठ्याने.

टाचणीने डोळे आणखी वर नेले. हो.

तो बसून राहिला. खालून तिसरा हॉर्न आला, लांबलचक. मग त्याने पावती पुस्तकातून अलगद, रेघेवरून, एकही टोक न फाटू देता वेगळी केली, फायलीत घातली, उठला, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागला.

"अहो दादा!" आई दारातून ओरडली. "पेटी! पेटी राहिली की!"

"पावती मिळाली," तो वर न बघता म्हणाला.

भांडारपालाने गाडीतून पेट्या उतरवून घेतल्या, मोजल्या, आणि कानामागची पेन्सिल काढून त्याच पेन्सिलीने पुन्हा मोजल्या.

"पेट्या तेरा. पावत्या चौदा."

"हो का?"

"हो का म्हणजे? एक पेटी कुठंय?"

"पावती आहे ना?"

"आहे."

"'सुस्थितीत परत केले' असं छापलंय?"

"छापलंय."

"सही?"

भांडारपालाने पावती डोळ्यांजवळ नेली. "हे काय लिहिलंय? वाचता येत नाही."

"वाचनीय असणं आवश्यक नाही."

भांडारपालाने खालचं बारीक अक्षर वाचलं. तीस वर्षं त्याने भांडार सांभाळलं होतं. पेटी हरवली तर माणूस बोलणी खातो, पावती हरवली तर नोकरी खातो, हे तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा. त्याने घड्याळकाकाच्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं, नोंदवहीत चौदा लिहिलं, शिक्का उचलला आणि चौदा वेळा आपटला.

"काय आवराआवर आहे ती करा. मला कुलूप लावायचंय."

"ह्या तेरा पावत्या जरा बघू?"

"आता काय बघायचंय? शिक्के झाले."

"बघू द्या हो."

"पाच मिनिटं देतो."

"पाच मिनिटांत नाही व्हायचं."

भांडारपाल काहीतरी पुटपुटला आणि पेट्या रचायला लागला, एकावर एक. घड्याळकाकाने गळ्यातलं स्टॉपवॉच काढून बाजूला ठेवलं, कारण वाकलं की ते कागदावर येत होतं. तेरा पावत्या त्याने टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येकीवर काही ना काही होतं. जो मुलगा हॉर्न वाजेपर्यंत सही करत होता, त्याची त्याने आधी उचलली. त्यावर तीन आकडे काढलेले होते, कपडे अडकवायला असतात तसे, आणि त्यांच्यावरून एक रेघ गेली होती, ती पावतीच्या मधोमध तुटली होती. तिथेच त्याने कागद काढून घेतला होता.

त्याने पावती सरळ धरली. मग आडवी. मग पुन्हा सरळ.